क्षारपडीच्या बांधाला कोयनेल

आमचा मळा मिरज तालुक्यात, कृष्णाकाठच्या काळ्या रानात. उसाला पाटानं पाणी पाजून पाजून खालच्या अंगाची दहा गुंठे क्षारपड झाली. उन्हाळ्यात तिथं मीठ फुटल्यासारखा पांढरा थर येतो. त्या बांधाला कुंपण हवं होतं. आधी ड्युरांटा लावून बघितला. पानं कडेनं करपत गेली आणि दिवाळीपर्यंत काड्या उरल्या.

माझं माहेर रत्नागिरीजवळ, खाडीकाठचं. तिथं तिवरांच्या मागं, भरतीचं पाणी टेकतं त्या जागी कोयनेल आपोआप माजते. आई तिला वनजाई म्हणते. सांगलीत बंगल्यांपुढं चौकोनी कापलेली असते ती हीच. ही मुळात समुद्रकाठची, बिनकाट्याची झुडूपवेल. जिच्या मुळांना खाऱ्या पाण्याची सवय, ती आमच्या बांधावर का जगणार नाही? तीन वर्षं झाली, जगली आहे.

आषाढात पेन्सिलीएवढ्या जाड, पिकलेल्या फांद्यांचे वीतभर तुकडे करा. प्रत्येकावर चार-पाच पेरं हवीत. खालचं टोक तिरकं कापा आणि दोन पेरं मातीत जाऊ द्या. पण थेट क्षारपडीत खोचू नका. पहिल्या वर्षी मी घाई केली आणि निम्म्याहून जास्त काड्या वाळल्या. मोठं झाड मीठ सोसतं, कोवळं मूळ सोसत नाही. पिशवीत पोयटा, वाळू आणि शेणखत भरून सावलीत ठेवा, गोडं पाणी घाला. दोन महिन्यांत मुळ्या पिशवीच्या तळाशी येतात, मग बांधावर न्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. रोप वरंब्याच्या माथ्यावर लावू नका. सरीतलं पाणी वर चढतं, उन्हानं उडून जातं आणि मीठ माथ्यावर साठतं. रोप वरंब्याच्या बगलेला, उतारावर बसवा. एक-एक फुटावर, दोन ओळींत, नागमोडी. खड्ड्यात चांगली माती आणि शेणखत घाला, बुडाशी उसाचं पाचट अंथरा. पाचटानं ऊन अडतं, ओल टिकते आणि मीठ वर यायचं मंदावतं.

पहिल्या उन्हाळ्यात रोज थोडं थोडं पाणी शिंपडू नका, त्यानं मीठ मुळांपाशीच राहतं. दहा-बारा दिवसांनी एकदा भरपूर द्या, म्हणजे मीठ खाली धुऊन जाईल. पाणी साचून मात्र राहू देऊ नका.

रोप फूटभर झालं की शेंडा खुडा, म्हणजे बुडापासून फुटवे येतात. त्याआधी उंच वाढू दिलंत तर खालून कुंपण विरळ राहतं आणि कुत्री आत शिरतात. पानं कडू असल्यानं शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत.

हे लावून जमीन सुधारेल, असं मात्र मी कुणाला सांगत नाही. मीठ काढायचं तर चर किंवा जमिनीखालचे सच्छिद्र पाइप घालून निचराच करायला हवा. जिप्सम टाकायचं तर आधी माती तपासा. ते चोपण, म्हणजे सोडियम साठून घट्ट झालेल्या जमिनीला लागतं, नुसत्या खारवट जमिनीला नाही.

विहिरीकडचं दोन हात कुंपण मी कापत नाही. तिथं पांढरी फुलं येतात, लांब जांभळट केसरांची. आई आली की आधी तिथं जाऊन उभी राहते.