कोंबडीची एक दिवसाची पिल्लं घरी आणताय? आधी या चुका टाळा

"ताई, काल शंभर पिल्लं आणली, आज सकाळी अकरा मेलेली. कुठलं औषध देऊ?" दर थंडीत मला असे फोन येतात. मी आधी एवढंच विचारते, की पिल्लं यायच्या किती तास आधी उबेचा बल्ब लावला होता? बहुतेकांनी तो पिल्लं खोक्यातून बाहेर काढल्यावर लावलेला असतो. म्हणजे फरशी गार, तूस गार आणि प्रवासानं दमलेलं पिल्लू त्यावर सोडलेलं. याला औषध नाही.

भोर तालुक्यातल्या आमच्या परसात मी आठ वर्षं गिरिराज, वनराज आणि थोड्या गावरान कोंबड्या पाळते. गिरिराज बंगळूरूची आणि वनराज हैदराबादची, दोन्ही परसात पाळण्यासाठीच तयार केलेल्या. म्हणून लोक म्हणतात, "काटक जात आहे, काही होत नाही." काटक आहे, पण मोठी झाल्यावर. एक दिवसाच्या पिल्लाच्या अंगावर नुसती लव असते. अंगभर पिसं यायला तीन-चार आठवडे लागतात आणि तोवर त्याला स्वतःची ऊब राखता येत नाही. खुडूक कोंबडी २१ दिवस अंडी उबवते आणि पुढेही पिल्लं पंखाखाली घेते. मशीनमध्ये उबवलेल्या पिल्लाला तो पंख मिळत नाही, तो आपल्याला द्यावा लागतो. पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या पाठीच्या उंचीला ९५ अंश फॅरनहाइट, म्हणजे ३५ अंश सेल्सिअस ऊब हवी. मग दर आठवड्याला पाच अंश फॅरनहाइटनं कमी करायची. बल्ब चार-पाच तास आधी लावा, थंडीत तर आदल्या रात्रीच.

हे मी शिकले ते ४३ पिल्लं घालवून. माझी दुसरी बॅच, जानेवारी महिना, शंभर गिरिराज. रिकाम्या गोठ्यात तूस पसरलं, शंभर वॅटचे दोन बल्ब टांगले आणि निजायला गेले. चिक गार्ड, म्हणजे पिल्लांभोवतीचं गोल कुंपण, लावलं नाही, कारण चार भिंती आहेतच, अशी माझी समजूत. रात्री कधीतरी वीज गेली. सकाळी सहाला दार उघडलं तर एका कोपऱ्यात पिल्लांचा ढीग. वरची ओरडत होती, खालची चेपून सपाट झालेली. ती थंडीनं गेली नव्हती. ऊब शोधत एकमेकांखाली शिरली आणि गुदमरली. सासूबाईंनी एकेक उचलून गोणपाटावर ठेवलं आणि एवढंच म्हणाल्या, "कोपरा कशाला ठेवलास?" त्या आयुष्यभर डालग्याखाली पिल्लं झाकत आल्या. डालग्याला कोपरा नसतो.

तेव्हापासून माझ्याकडे दीड फूट उंचीचा पत्रा गोल करूनच पिल्लं सोडली जातात. पत्रा नसेल तर जाड पुठ्ठा चालतो. शंभर पिल्लांना चार-पाच फूट रुंदीचं रिंगण पुरतं, आणि दर दोन-तीन दिवसांनी मी ते थोडं वाढवते. वीज जाईल असं धरूनच चालते. चुलीजवळ पाणी तापवून ठेवते आणि वीज गेली की दोन स्टीलच्या कळश्या भरून, गोणपाटात गुंडाळून रिंगणात ठेवते. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नका. तिच्या वायूनं पिल्लं जातात आणि शेजारी झोपलेलं माणूसही जाऊ शकतं. पहिल्या तीन रात्री माझी खाट गोठ्यातच असते. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी महिनाभराची पिल्लं विकत घ्यावीत. महाग पडतात, पण जगतात.

थर्मामीटर ठेवा, पण खरं पिल्लांकडूनच कळतं. बल्बखाली गोळा झाली तर गारठलीत. चोच उघडून कडेला पळाली तर उकडतंय. सगळी एकाच बाजूला असतील तर कुठून तरी वारं येतंय. वाळत घातलेल्या भातासारखी सगळीकडे सारखी पसरली असतील तर निश्चिंत व्हा.

दुसरी चूक लशीची, आणि हिचा मला खरोखर राग येतो. लासोटा ही मानमोडी या साथीच्या रोगाची लस पाचव्या ते सातव्या दिवशी, गंबोरो रोगाची लस चौदाव्या दिवसाच्या सुमारास आणि लासोटा पुन्हा चौथ्या आठवड्यात, हे वेळापत्रक सगळ्यांना पाठ असतं. पण लस आणतात कशी? आमच्या जवळच्या एका पोरानं एप्रिलच्या उन्हात कुपी पॅन्टच्या खिशात घालून मोटारसायकलवरून आणली. जिवंत विषाणूची लस ती, २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच टिकते. थेंब दिले, वहीत तारीखही लिहिली. दोन महिन्यांनी मानमोडी आली आणि खुराडं रिकामं झालं. तो म्हणत राहिला, "लस तर दिली होती." लस बर्फाच्या थर्मासमध्ये आणा, संध्याकाळी गारव्याला द्या, द्रावणात कालवल्यावर तास-दोन तासांत संपवा. डोळ्यात एक थेंब टाकला की पिल्लू डोळा मिचकावेपर्यंत हातातून सोडू नका. आजारी पिल्लाला देऊ नका. कुपी शंभरांची आणि पिल्लं वीस असली तर शेजारच्यांना त्याच दिवशी बोलवा. उरलेली लस उद्यासाठी ठेवणं म्हणजे ती फेकणंच.

तूस ओलं राहू देऊ नका. मी रोज मूठभर तूस आवळून बघते. गोळा झाला तर तेवढं काढून कोरडं घालते. ओल्या गादीतून रक्ती हगवण येते, आणि आत शिरताच डोळे चुरचुरले तर पिल्लांचेही चुरचुरतायत.

पिल्लं आली की आधी कोमट गुळपाणी. एकेकाची चोच पाण्यात बुडवून दाखवा, शंभर असली तरी. भांड्यात खडे टाका, नाहीतर पिल्लं पडून बुडतात. मग कागदावर मक्याचा भरडा, आणि दुसऱ्या दिवसापासून चिक स्टार्टर, म्हणजे लहान पिल्लांचं तयार खाद्य. नुसत्या गुळगुळीत वर्तमानपत्रावर ठेवू नका, पाय फाकतात.

पहिल्या दिवसापासून पाण्यात प्रतिजैविक घालायची सवय सोडा. तिनं गार फरशी गरम होत नाही.

मोठ्या कोंबड्यांत लहान पिल्लं मिसळू नका. पाच-सहा आठवड्यांआधी अंगणात सोडू नका, घार आणि मुंगूस वाटच बघत असतात. घुशीचं बीळ पिल्लं यायच्या आधी बुजवा. पहिल्यांदा पाळताय तर पंचवीसच आणा.

आणि पहिला आठवडाभर रोज संध्याकाळी पिल्लांची बुडं बघा. विष्ठा चिकटून वाट बंद झाली असेल तर ओढून काढू नका, कातडी निघते. कोमट पाण्यात कापूस भिजवून तो भाग मऊ करा, हळूच पुसा आणि पिल्लू पूर्ण वाळल्यावरच रिंगणात सोडा.