औषधांच्या जुन्या काचेच्या बाटल्या जमवताय? मग हे बघून घ्या

मुंबईत सुरुवात चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटपासूनच करा, फक्त शुक्रवारी दुकानं बंद असतात. बाटली हातात घेतली की आधी उजेडासमोर धरा आणि बाजूची साच्याची रेघ कुठपर्यंत जाते ते बघा. रेघ तोंडाच्या खालीच थांबली तर तोंड बहुतेक हाताने घडवलंय, आणि थेट काठापर्यंत गेली तर मशीनची, म्हणजे साधारण 1903 नंतरची, कारण अमेरिकेतल्या मायकल ओवेन्सचं बाटल्या बनवायचं ऑटोमॅटिक मशीन तेव्हाचं. काचेत अडकलेले बुडबुडे मला तर फार आवडतात.

निळ्या किंवा हिरव्या बाटलीवर उभ्या खरबरीत रेघा असतील तर ती विषाची असू शकते, अंधारात नुसत्या स्पर्शाने कळावं म्हणून तशा करायचे. त्यामुळे आत काही वाळलेलं असेल तर ग्लोव्हज घाला, वास घेऊ नका.

धुवायला कोमट पाणी, थोडं व्हिनेगर आणि मूठभर तांदूळ घालून हळूहळू हलवा, उकळतं पाणी नको, तडकते. पण कंपाउंडरने एकेका डोसची खूण म्हणून चिकटवलेली कातरलेली कागदी पट्टी अजून असेल ना, तर बाहेरून पाणी लावूच नका प्लीज, कोरड्या मऊ ब्रशने पुसा, तशी पट्टी टिकलेली बाटली मिळणं म्हणजे नशीबच. काचेचं बूच अडकलं असेल तर कडेने तेलाचा थेंब सोडून रात्रभर ठेवा, पिळू नका.

पावसाळ्यात बुचं काढून ठेवा, आत दमट राहिलं की काच कायमची धुरकट होते. लेबलवाल्या उन्हापासून लांब, बाकीच्या खुशाल खिडकीत.