सम्राट नको, शहर धरा

रोमन नाणी जमवायला लागलं की जो तो आधी सम्राटांची यादी करतो. प्रांतिक नाण्यांत तो हट्ट सोडा. पूर्वेकडची शेकडो शहरं ही नाणी आपापल्या नावानं पाडत. दर्शनी बाजूला सम्राट, मागे गावाची देवता किंवा देऊळ. आजच्या तुर्कस्तानातल्या कप्पाडोकिया प्रांतातल्या सीझेरिया शहरानं तर थेट आपला अर्गायस पर्वतच नाण्यावर आणला. खरी गंमत मागच्या बाजूला, म्हणून एक शहर धरा.

माझी निवड विचाराल तर इजिप्तमधलं अलेक्झांड्रिया, कारण तिथल्या टेट्राड्रॅक्मवर, म्हणजे चार द्राख्मांच्या नाण्यावर, साल असतं. रोमन एलसारखी खूण शोधा. तिच्यापुढची ग्रीक अक्षरं म्हणजे राज्यवर्षाचा आकडा. नीरोच्या नाण्यावर योटा आणि बीटा दिसले तर १० अधिक २, बारावं वर्ष. हिशेब मात्र जपून करा. नीरो इ.स. ५४च्या ऑक्टोबरात गादीवर आला, पण इजिप्तचं नवं वर्ष ऑगस्टअखेरीस लागे. त्यामुळे त्याचं पहिलं वर्ष अकरा महिन्यांच्या आतच संपलं आणि बारावं येतं ६५-६६ मध्ये. सम्राट दायोक्लेशनच्या काळात, तिसऱ्या शतकाच्या अखेरीस, ही टांकसाळ स्थानिक नाणी पाडायची थांबली.

विकत घेण्याआधी 'रोमन प्रॉव्हिन्शियल कॉइनेज' या ऑनलाइन सूचीत शहराच्या नावानं शोधा आणि अक्षरन् अक्षर ताडून पाहा. मधोमध खळगा दिसला म्हणून नाणं नाकारू नका. चकती घडवतानाच तो पडे. कडेला सांध्याची रेघ किंवा पृष्ठभागावर बुडबुड्यांची बारीक छिद्रं असतील तर मात्र ते ओतीव, म्हणजे साच्यात ओतलेली नक्कल, असल्याचा संशय घ्या.

खरवडलेला चेहराही नेहमी खोट नसते. इ.स. २११ मध्ये सम्राट काराकाल्लानं भाऊ गेटाला मारवलं आणि त्याची नामोनिशाणी पुसायचं फर्मान निघालं. आजच्या तुर्कस्तानातल्या पर्गामॉन, स्ट्रॅटोनिकिया इथल्या काही नाण्यांवर दोघा भावांपैकी गेटाचा चेहरा छिन्नीनं उडवलेला सापडतो. गुळगुळीत सुंदर नाण्यापेक्षा मी असलं विद्रूप नाणं आधी उचलेन.

नाणं कुठून आलं, हे विचारायला लाजू नका. तुर्कस्तानातून प्राचीन नाणी बाहेर नेणं बेकायदा आहे. जुन्या लिलावाची नोंद किंवा पावती नसेल तर सौदा सोडा.

ब्राँझ घासू नका, आम्ल तर लावूच नका. फिकट हिरवी भुकटी सुटू लागली तर ते नाणं लगेच वेगळं काढून कोरड्या जागी ठेवा. पीव्हीसीची पाकिटं टाळा, आणि जुन्या संग्राहकाची चिठ्ठी आली असेल तर ती नाण्यासोबतच राहू द्या.