मृगाआधी उकिरडा उपसताना: म्युकर बुरशी, मधुमेह आणि काट्याची जखम

मृग तोंडावर आला की गावोगाव उकिरडे उपसायला घेतात. उन्हाने वरचा थर पार वाळलेला असतो. फावडं मारलं की करडी धूळ उठते आणि थेट नाकातोंडात जाते. गेल्या साली रचलेली कडब्याची गंजीही याच दिवसांत तळाला येते आणि खालच्या पेंढ्या कुबट, पांढुरक्या निघतात. या धुळीत म्युकर कुळातल्या बुरश्यांचे बीजाणू असतात. धडधाकट माणसाने त्यांना घाबरायचं कारण नाही. पण घरात ज्याची साखर ताब्यात नाही, त्याच्या हातात यंदा फावडं देऊ नका. हा सल्ला मुख्यतः त्याच्यासाठी आहे.

ही बुरशी तुम्ही रोज पाहता. क्रेटमधली एखादी पपई खालून चेपली की दोन-तीन दिवसांत तिच्यावर राखाडी कापूस फुटतो. नीट निरखलं तर प्रत्येक तंतूच्या टोकाला टाचणीच्या डोक्याहून बारीक काळा ठिपका दिसतो. ती बीजाणूंची पिशवी. ती फुटली की बीजाणू हवेवर जातात. ऱ्हायझोपस, म्युकर, लिक्थीमिया ही या कुळातली नेहमीची नावं. काडीकचरा कुजवण्यात त्यांचा मोठा हातभार असतो, त्यामुळे शेतातून त्यांना हद्दपार करता येणार नाही आणि करूही नये. लिक्थीमिया आणि ऱ्हायझोम्युकर तर 45 अंशांपर्यंत तापलेल्या ढिगातही वाढतात. माणसाच्या अंगातली 37 अंशांची ऊब त्यांना सहज मानवते.

निरोगी माणसाच्या नाकात, फुप्फुसात गेलेले बीजाणू पांढऱ्या पेशी तिथेच मारतात. साखर सतत चढलेली असेल तर या पेशी मंदावतात. त्यात लघवीत कीटोन (साखर वापरता न आल्याने चरबी जळून तयार होणारी आम्लं) येऊ लागले की रक्त आम्लधर्मी होतं, प्रथिनांना बांधलेलं लोह सुटतं आणि तेच बुरशीला हवं असतं. मग ती रक्तवाहिनीत शिरते, आत गुठळ्या होतात, पुढचा भाग रक्तावाचून मरतो आणि काळा पडतो. 2021 साली करोनाच्या दुसऱ्या लाटेत चढलेली साखर आणि स्टेरॉइड एकत्र आले, तेव्हा महाराष्ट्रात हजारो लोकांना हा आजार झाला. कित्येकांचा डोळा किंवा जबडा गेला. मात्र हा आजार एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही. रुग्णाला वेगळं टाकू नका.

खत उपसण्याच्या आदल्या संध्याकाळी वरच्या थरावर पाणी शिंपडा. ओलसर खताची धूळ उडत नाही, एवढ्या एका गोष्टीने बराच फरक पडतो. काम सकाळी, वारा पडलेला असताना करा आणि वारा पाठीवर घ्या. तोंडाला गुंडाळलेल्या उपरण्यातून बारीक धूळ आत जातेच. एन-95 मास्क घट्ट बसवून वापरा. पायात बूट, हातात मोजे हवेत. घरी आल्यावर आधी अंघोळ, मग जेवण.

गुडघेदुखीसाठी बाजारातून आणलेल्या बिननावाच्या पुड्यांबद्दल मुद्दाम सांगतो. त्यातल्या काहींमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं असतं. दुखणं थांबतं, पण साखर भडकते आणि प्रतिकारशक्ती खाली येते. अशा पुड्या बरेच दिवस घेत असाल तर एकदम बंदही करू नका. डॉक्टरांना पुडी दाखवा आणि त्यांच्या सल्ल्याने कमी करा.

बुरशीची दुसरी वाट जखमेची. याच कुळातली ॲपोफिसोमायसिस ही बुरशी 1979 मध्ये उत्तर भारतातल्या आमराईच्या मातीतून पहिल्यांदा वेगळी केली गेली. ती धट्ट्याकट्ट्या माणसालाही सोडत नाही. माती घुसलेल्या खोल जखमेतून आत शिरते. म्हणून बाभळीचा काटा रुतला किंवा फावडं पायाला लागलं तर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली बराच वेळ धुवा. वर माती, शेण, राख काहीही लावू नका. धनुर्वाताचं इंजेक्शन घ्याच, पण ते बुरशी अडवत नाही. एक-दोन दिवसांत कडा काळपट पडल्या, काळेपणा पसरू लागला किंवा जखमेच्या मानाने वेदना फारच वाढल्या तर दवाखाना गाठा. जखमेत माती गेली होती हे डॉक्टरांना आपणहून सांगा.

नाकाची एकच बाजू चोंदणं, काळपट किंवा रक्ताळ स्राव, एका गालाला सूज किंवा बधिरपणा, पापणी खाली येणं, एकाच्या दोन वस्तू दिसणं, दात अचानक हलणं, टाळूवर काळा डाग यांपैकी काहीही मधुमेही माणसात दिसलं तर त्याच दिवशी जिल्हा रुग्णालय किंवा वैद्यकीय महाविद्यालयातल्या कान-नाक-घसा विभागात जा. सर्दी समजून चार दिवस काढू नका. तिथे बाधित भागाचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. मेलेला भाग शस्त्रक्रियेने काढणं आणि ॲम्फोटेरिसिन-बी हे औषध असा दुहेरी उपचार असतो. सोबत साखर खाली आणावीच लागते. बुरशीची प्रत्येक गोळी यावर चालत नाही, फ्लुकोनाझोल तर मुळीच नाही. त्यामुळे मेडिकलमधून स्वतःहून काही आणू नका.

गंजीच्या तळाचा कुबट कडबा झटकून जनावरापुढे टाकू नका, विशेषतः गाभण गाई-म्हशींपुढे. बुरशी आतड्यातून किंवा फुप्फुसातून रक्तावाटे वारेपर्यंत पोचते आणि गाभ पडतो. असा कडबा ओला करून खताच्या खड्ड्यात घाला. गाभ पडलाच तर गर्भ आणि वार उघड्या हाताने उचलू नका. गाभ पडण्यामागे दुसरा संसर्गही असू शकतो. पशुवैद्यकांना बोलावून नमुना तपासायला द्या.