अलास्कात ट्रेकला पिस्तूल नेणार असाल तर

अस्वलांच्या भीतीने पिस्तूल नेणार असाल तर आधी होल्स्टर, म्हणजे पिस्तूल अंगावर अडकवायचं म्यान, मग पिस्तूल. हे पुढे बऱ्याचदा येणार आहे, कंटाळा आला तरी वाचा. मागच्या खेपेला मी नेमकं उलट केलं. कुठलं कॅलिबर (गोळीचं माप), कुठली कंपनी यावर महिनाभर डोकं खपवलं आणि होल्स्टर शेवटच्या दिवशी कमरेच्या पट्ट्याला लावायचं, मिळेल ते उचललं. केनाई द्वीपकल्पावर रेझरेक्शन पासच्या वाटेला लागलो, पाठीवर भरलेली सॅक चढवली, तिचा कमरेवरचा हिप बेल्ट आवळला आणि पिस्तुलाची मूठ त्या बेल्टखाली गडप. आल्डरच्या झुडपांतून पिल्लाला घेऊन मूस (घोड्याएवढं हरीण) समोर आली तेव्हा मी बक्कल चाचपत होतो. ती आपणहून निघून गेली. त्यात माझं कर्तृत्व शून्य.

पण सगळ्यात पहिला प्रश्न व्हिसाचा. एच-वनबी, एल-वन, एफ-वन, पर्यटक, कुठल्याही नॉन-इमिग्रंट व्हिसावर अमेरिकेत असाल तर पिस्तूल किंवा काडतुसं बाळगणं हा फेडरल गुन्हा आहे. विकत घेणं सोडाच, मित्राचं पिस्तूल "जरा धर रे" म्हणून आपल्याजवळ ठेवणंही अंगाशी येऊ शकतं. शिकारीचं वैध लायसन्स असेल तर अपवाद आहे. पण त्या अपवादाच्या भरवशावर ग्रीन कार्डाची रांग पणाला लावायची असेल तर आधी वकिलाची फी भरा, माझ्या लिहिण्यावर जाऊ नका. ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असेल तर पिस्तुलाचा भाग तुमच्यासाठी आहे. नसेल तर स्प्रेचं तेवढं वाचा, तुमचं काही अडणार नाही.

बेअर स्प्रे, म्हणजे अस्वलाच्या तोंडावर मारायचा तिखट फवारा, सगळ्यांनीच घ्यायचा, पिस्तूलवाल्यांनीसुद्धा. अस्वलांचे अभ्यासक टॉम स्मिथ, स्टीफन हेरेरो आणि सहकाऱ्यांनी अलास्कातल्या जुन्या घटना गोळा करून दोन अभ्यास केले. २००८ च्या अभ्यासात स्प्रेने ब्राउन बेअरला (तपकिरी अस्वलाला) ९२ टक्के वेळा थोपवलं. २०१२ च्या अभ्यासात पिस्तूल-रिव्हॉल्व्हरचं यश ८४ टक्के आणि रायफल-शॉटगनचं ७६ टक्के निघालं. हे आकडे शेजारी ठेवून भांडायची लोकांना हौस आहे. पण दोन्हीकडच्या घटना वेगळ्या, माणसं वेगळ्या परिस्थितीत सापडलेली. तशी सरळ तुलना होत नाही. मला दुसऱ्या अभ्यासातली वेगळीच गोष्ट खटकली. जवळ बंदूक होती आणि ती वापरली, किंवा होती पण वापरली नाही, या दोन गटांत इजा होण्याचं प्रमाण जवळपास सारखंच होतं. आणि बंदूक निकामी ठरण्याचं सर्वांत मोठं कारण होतं वेळच न मिळणं. ब्राउन बेअर ताशी पंचावन्न किलोमीटरच्या आसपास धावतं, म्हणजे तीस मीटर दोन सेकंदांत. दोन सेकंदांत बक्कल सोडून, जॅकेट वर करून, बेल्टखालून मूठ ओढून बघा घरी. म्हणून म्हणतोय, होल्स्टर.

स्प्रे घेताना डब्यावरची मुदत बघा. पल्ला साधारण सात ते दहा मीटर, आणि डबा काही सेकंदांतच रिकामा होतो. वारा तोंडावर असेल तर अर्धा प्रसाद आपल्यालाच. तो सॅकच्या बाजूच्या जाळीत ठेवणारे लोक मी दर उन्हाळ्यात बघतो. तिथे तो पाण्याच्या बाटलीइतकाच कामाचा. डाव्या बाजूला, हिप बेल्टच्या पुढच्या भागावर लावा, म्हणजे उजवा हात पिस्तुलासाठी मोकळा. डावखुरे असाल तर उलट. विमानात मात्र बेअर स्प्रे केबिनमध्येही चालत नाही आणि चेक-इन सामानातही नाही. अँकरेजला उतरून विकत घ्यायचा.

पिस्तुलाचं असं नाही. "तिथेच उतरून घेऊ" हा बेत सोडून द्या. हँडगन (पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर) आपण राहतो त्या राज्यातूनच घ्यावी लागते, दुसऱ्या राज्यातला दुकानदार ती तुमच्या हातात देऊ शकत नाही. उदाहरणार्थ, वॉशिंग्टन राज्यात जानेवारी २०२४ पासून प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं आणि पैसे भरल्यावरही कामकाजाचे दहा दिवस थांबावं लागतं. तेव्हा ट्रेकच्या आधी निदान दोन महिने सुरुवात करा. वर सराव वेगळाच.

आता ज्यासाठी तुम्ही हे उघडलंत ते. गावात जवळ बाळगायला घेतलेलं नाइन एमएम असेल तर ते अगदीच टाकाऊ नाही, पण अस्वलासाठी कोणी पसंतीने घेत नाही. पर्याय मुख्यतः दोन: .४४ मॅग्नमचं रिव्हॉल्व्हर किंवा टेन एमएमचं सेमी-ऑटोमॅटिक. .४४ ची एक गोळी जास्त जोरकस, पण सहाच गोळ्या, आणि झटका असा की हलक्या रिव्हॉल्व्हरने दुसरी गोळी नेमावर यायला वेळ लागतो. दुकानदार सातशे ग्रॅमचं, स्कँडियम-मिश्रित हलक्या धातूचं मॉडेल हातात देईल आणि "दिवसभर वागवायला हलकं" म्हणेल. त्या मॉडेलने एकदा नेमबाजीच्या रेंजवर बार काढून बघा आणि मग ठरवा. रुगर कंपनीचं अलास्कन नावाचं आखूड नळीचं रिव्हॉल्व्हर येतं, सव्वा किलोचं. झटका सहन होतो पण वजन खांद्याला जाणवतं. ग्लॉक २० हे सेमी-ऑटोमॅटिक टेन एमएममध्ये येतं. गोळ्या भरून साधारण अकराशे ग्रॅम, झटका आवाक्यातला. ग्रीनलंडमध्ये कुत्र्यांच्या गाडीवरून गस्त घालणारं डेन्मार्कचं सिरियस पथक ध्रुवीय अस्वलांसाठी हेच बाळगतं. ग्लॉकचं मूळ मॅगझिन (गोळ्या भरायची पेटी) पंधरा गोळ्यांचं असतं, पण वॉशिंग्टनमध्ये जुलै २०२२ पासून दहाच्या वरचं मॅगझिन विकायला किंवा बाहेरून आणायला बंदी आहे. अलास्कातून स्वस्तात दोन आणू, असला शहाणपणा नको.

सेमी-ऑटोमॅटिकची एक खोड माहीत असू द्या. अस्वल अंगावर पडलं आणि नळी त्याच्या अंगाला टेकवून दाबली, तर स्लाइड (वरचा सरकता भाग) मागे सरकते आणि गोळी सुटत नाही. हात सैल पडला तरी अडकू शकतं. रिव्हॉल्व्हरला ही भानगड नाही. तरी मी टेन एमएमच घेतलं, कारण माझ्या हातून त्याच्या लागोपाठच्या गोळ्या जागेवर बसतात आणि .४४ च्या बसत नाहीत. तुमचं उलट असेल तर .४४ घ्या. भाड्याने दोन्ही मिळतात, चालवून बघितल्याशिवाय घेऊ नका.

काडतुसं: हॉलो पॉइंट नको. ती गोळी शिरताच फुलते आणि उथळ थांबते, माणसासाठी बनवलेली. अस्वलाचे स्नायू आणि हाडं पार करायला सपाट नाकाची, न फुलणारी भक्कम गोळी लागते. शिकारी हार्डकास्ट म्हणतात ती, कडक केलेल्या शिशाची. मात्र ग्लॉकच्या मूळ नळीतून नुसत्या शिशाची गोळी चालवू नका असं कंपनीच सांगते, तेव्हा त्यात वेष्टणाची किंवा अख्खी तांब्याची बघा. नेणार तोच डबा रेंजवर निदान दोन-तीन मॅगझिन चालवून बघा, अडकत असेल तर घरीच कळू दे.

आता होल्स्टर. परत. छातीवरचं घ्या. पट्टा एका खांद्यावरून पाठीमागे जातो आणि पिस्तूल बरगड्यांवर तिरकं बसतं, हिप बेल्टच्या वर, सॅकच्या खांदपट्ट्यांच्या मधोमध. कमरेचं नको, मांडीचं नको, सॅकच्या वरच्या कप्प्यातलं तर अजिबात नको. घालायचा क्रम: आधी होल्स्टर, त्यावर सॅक. उलट केलं तर दर विश्रांतीला सॅक उतरवताना पट्टे एकमेकांत गुंततात आणि तिसऱ्या वेळी तुम्ही वैतागून होल्स्टर सॅकमध्ये कोंबता. सॅकचा छातीवरचा आडवा पट्टा मुठीवर येतो का बघा, येत असेल तर तो वर-खाली सरकतो, सरकवा. रेनकोट होल्स्टरच्या आत घालायचा, बाहेर नाही. केनाईत पाऊस येतोच, आणि पावसात चेन गळ्यापर्यंत ओढली की पिस्तूल पुन्हा गडप. हे सगळं दुकानात टी-शर्टवर करून उपयोग नाही. भरलेली सॅक, तंबूसकट, पाठीवर घेऊन घराच्या जिन्यावरून चार वेळा चढउतार करा. वाकून बुटाची नाडी बांधा. पिस्तूल पडलं नाही, टोचलं नाही आणि एका हाताने सुटलं, तर होल्स्टर पास. चाप पूर्ण झाकला गेला पाहिजे आणि अडकवायचा खटका अंगठ्याने उघडला पाहिजे. आणि हो, ठरलेल्या पिस्तुलासाठी छातीवरचं होल्स्टर मिळत नसेल, तर पिस्तूल बदला.

सराव: रिकाम्या पिस्तुलाने, चेंबर (नळीमागचा गोळी बसायचा भाग) दोनदा तपासून, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून, सॅक घालून रोज दहा वेळा काढायचं. काढताना नळी आपल्याच डाव्या दंडावरून फिरते का, हे घरच्या कुणाला तरी बाजूने बघायला सांगा. माझ्या बायकोने पहिल्याच संध्याकाळी "अहो, हात!" म्हणून ओरडून ते दाखवलं. रेंजवर सात मीटरवरून, भरभर, एका हातानेही. पंचवीस मीटरवरून एकाच जागी बसलेल्या गोळ्यांचे सुंदर गट कुणाला दाखवायचे असतील तर दाखवा.

विमान: गोळ्या काढलेलं पिस्तूल, कडक कुलूपबंद पेटीत, फक्त चेक-इन, काउंटरवर सांगून. किल्ली आपल्याकडेच. काडतुसं त्यांच्या डब्यात, बहुतेक कंपन्यांची मर्यादा पाच किलो. गाडीने जाणार असाल तर वाट कॅनडातून आहे आणि जंगली जनावरांपासून संरक्षण हे कारण सांगून प्रवाशाला हँडगन तिथे आणू देत नाहीत. सीमेवर हुज्जत घालू नका, विमानाने जा. अलास्कात एकवीस वर्षांवरच्या माणसाला लपवून बाळगायला परवाना लागत नाही, पण पोलिसाने थांबवलं तर आपणहून लगेच सांगायचं. नॅशनल पार्कमध्ये २०१० पासून राज्याच्या कायद्यानुसार बाळगता येतं, मात्र व्हिजिटर सेंटरच्या दारातून आत न्यायचं नाही. छोट्या विमानाने आत जाणार असाल तर पायलटला पिस्तूल आणि स्प्रे दोन्हींबद्दल आधी सांगा. स्प्रे कुठे ठेवायचा ते तोच ठरवेल.

वाटेवर: बोलत चला, टाळ्या वाजवा, साल्मन माशांच्या दिवसांत नदीकाठच्या झुडपांत जास्तच. जेवण तंबूपासून लांब, बेअर कॅनिस्टरमध्ये (अस्वलाला न उघडणाऱ्या डब्यात). नदी ओलांडताना हिप बेल्ट सोडा. रात्री पिस्तूल होल्स्टरमध्येच, रोज त्याच जागी, शेजारी टॉर्च. होल्स्टरमध्येच. सुटं उशीखाली नाही.

गोळी चालवलीत आणि अस्वल मेलं तर सगळं संपलं असं नाही. स्वसंरक्षणात मारलेल्या अस्वलाचं कातडं नखांसकट आणि कवटी काढून अलास्काच्या फिश अँड गेम खात्याला द्यावी लागते, आणि पंधरा दिवसांत लेखी अहवाल. सुरी धारदार ठेवा. जखमी होऊन पळालं तर मागे जाऊ नका, कळवा.

परतीला उरलेला स्प्रे हॉटेलात कुणाला तरी द्या, चेंबर तपासा, पिस्तूल कोरडं पुसा, गंज दोन दिवसांत धरतो.