चार लोकांत ‘नाइट अँड डे’ ऐकायचा, तर…

इंग्लिश पॉप गायक-संगीतकार जो जॅक्सनचा ‘नाइट अँड डे’ हा अल्बम १९८२ साली आला. या अल्बमवर ऐकणाऱ्यांचं एकमत झालेलं मी अजून पाहिलेलं नाही. कुणाला त्यात न्यूयॉर्कची रात्र जशीच्या तशी ऐकू येते, तर कुणी म्हणतं, इंग्लंडातून आलेल्या माणसाने साल्सा, म्हणजे न्यूयॉर्कमधल्या लॅटिन अमेरिकन लोकांचं नाचाचं संगीत, उसना घेतलाय. काहींचं प्रेम फक्त एका गाण्यावर असतं आणि उरलेली आठ त्यांना आठवतही नाहीत. मी बरीच वर्षं महिला ऑर्केस्ट्रात तुंबा, म्हणजे हातांनी वाजवायचा उभा ढोल, वाजवला. आता डोंबिवलीत माझ्या घरी महिन्यातून एकदा ओळखीची मंडळी जमतात आणि आम्ही एक अख्खा अल्बम ऐकतो. हा अल्बम मी मुद्दाम फिरून फिरून लावते, कारण लोकांचं कानावरचं लक्ष आणि त्यांची मतं यांचा संबंध इथे लख्ख दिसतो. तुम्हालाही घरी अशी बैठक करायची असेल, तर मी जे करते ते सांगते.

आधी तयारी. अल्बम पूर्ण लावायचा आणि क्रमाने लावायचा. मूळ एलपीच्या एका बाजूला ‘रात्र’ असं नाव आहे आणि दुसरीला ‘दिवस’. रात्रीच्या बाजूची पाच गाणी एकमेकांत मिसळत जातात, मध्ये शांतता नाही. मोबाइलच्या ॲपवरून लावणार असाल तर गाणी उलटसुलट लावणारी सोय आधी बंद करा, आणि दोन गाणी आपोआप एकमेकांवर चढवणारी सोयही बंद करा. नाहीतर जॅक्सनने केलेली जोडणी जाऊन ॲपने केलेली जोडणी ऐकू येईल. फोनच्या स्पीकरवर हा अल्बम लावू नका. ग्रॅहम मेबीचा बास, म्हणजे गाण्याचे खालचे जाड सूर, त्यात अर्धा मरतो, आणि या अल्बममध्ये गिटार नाहीच, त्यामुळे बास गेला की गाण्यांच्या पायाखालची जमीनच गेली. साधे दोन स्पीकर असले तरी चालतील, फक्त एकमेकांपासून हातभर तरी लांब ठेवा.

‘गिटार नाही’ हे मात्र लोकांना आधी सांगू नका. गाणी किती गाजली, तेही सांगू नका. ‘स्टेपिन आउट’ हे पाचवं गाणं अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये, दोन्हीकडे सहाव्या क्रमांकावर पोचलं. ग्रॅमीत ते वर्षातल्या सर्वोत्तम रेकॉर्डच्या शर्यतीत होतं. अल्बम अमेरिकेत चौथा आणि ब्रिटनमध्ये तिसरा आला. हे सगळं चहाच्या वेळी सांगायचं. आधी सांगितलंत तर पाचव्या गाण्याला सगळे सावरून बसतात आणि त्याआधीच्या चार गाण्यांचा नुसता प्रतीक्षाकक्ष होतो.

मग रेकॉर्ड लावण्याआधी दहा मिनिटं टाळ्या. ही पायरी गाळू नका. लॅटिन ताल ‘छान नाचरा आहे’ असं म्हणून लोक पुढे जातात, पण तो आत कसा बांधलाय ते हाताला कळल्याशिवाय कानाला कळत नाही. तीनतालाच्या सोळा मात्रा आपल्याला पाठच असतात, त्यांचाच उपयोग करा. मनात सोळा मोजा आणि टाळी द्या १, ४, ७, ११ आणि १३ वर. पहिल्या आठात तीन टाळ्या, दुसऱ्या आठात दोन. हा क्लावे, म्हणजे क्यूबातून न्यूयॉर्कच्या साल्सात आलेला कणा. टाळी जमली की पाय चालू करा: १, ५, ९, १३. हात आणि पाय फक्त १ ला आणि १३ ला भेटतात, बाकी वेळ एकमेकांना चुकवत राहतात. आमच्याकडे या वेळी हमखास गोंधळ उडतो, मग हसू, आणि मग अचानक चार-पाच जणांचं एकत्र जुळतं. त्या क्षणी खोलीत जो आनंद होतो त्यासाठी तरी हे करा.

जमलं तर एक पायरी पुढे जा. तुंब्याचे, म्हणजे कोंगाचे, सगळ्यात मोकळे, खुले आघात याच सोळा मात्रांत ७-८ आणि १५-१६ वर पडतात. म्हणजे वजन समेवर नाही, समेच्या आधी. आपल्या कानाला समेवर येऊन टेकायची सवय आहे, इथे ताल समेला मागून ढकलतो. साल्साचा बासही पुष्कळदा १ सोडून देतो आणि आधीच येऊन जातो. हे एकदा अंगात बसलं की ‘ही लय सारखी पुढे का पळते’ या प्रश्नाचं उत्तर तोंडाने द्यावं लागत नाही. या अल्बममधल्या प्रत्येक गाण्यात पूर्ण क्लावे सापडेल अशी अपेक्षा मात्र ठेवू नका. हा पॉप आहे, साल्साची भाषा त्याने जागोजागी घेतली आहे. कुठे घेतली आणि कुठे सोडली, हे शोधणं हाच बैठकीचा खरा कार्यक्रम.

आता कामं वाटून द्या. एकाने फक्त बास ऐकायचा, एकाने पियानो, एकाने हातांनी वाजणारी तालवाद्यं, एकाने शब्द. मी तालवाद्यांचं काम मुद्दाम अशा माणसाला देते ज्याला तालातलं काही कळत नाही असं तो स्वतः म्हणतो. या अल्बमवर कोंगा, बोंगो, टिंबाले वाजवल्या आहेत सू हाजोपोलसने. ती न्यूयॉर्कची, आणि त्याआधी ‘लॅटिन फिव्हर’ या केवळ स्त्रियांच्या साल्सा बँडमध्ये होती. तिचं नाव वाचलं तेव्हा मला झालेला आनंद मी लपवत नाही. तुंब्यावर बाई दिसली की आमच्याकडे प्रेक्षक आधी कुजबुजत, मग ऐकत. सूचा हात या रेकॉर्डवर आहे म्हणून ‘उसना साल्सा’ हे मत मला अर्धवट वाटतं. गाणी लिहिणारा रॉयल ॲकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये शिकलेला इंग्रज आहे, हे खरं. पण हात त्या शहराचे आहेत.

रात्रीची बाजू संपली की थांबा. बोलू नका, आधी लिहा. प्रत्येकाला एक चिठ्ठी द्या आणि त्यावर एकच प्रश्न: ‘कान कुठे टवकारले आणि कुठे गळाले?’ गाण्याचं नाव माहीत नसलं तरी चालेल. ‘ते चिनी वस्तीचं गाणं संपता संपता’ इतकंही पुरे. ‘आवडलं का?’ हा प्रश्न कधीच विचारू नका. त्याचं उत्तर शिष्टाचार म्हणून येतं. चिठ्ठ्या वाचताना जो कमी बोलतो त्याची आधी, जो गातो-वाजवतो त्याची सगळ्यात शेवटी. मीही माझी शेवटीच वाचते. वाजवणाऱ्याने आधी तोंड उघडलं की बाकीचे आपलं मत त्याच्या मापाने कापून घेतात.

‘स्टेपिन आउट’वर दोन तट पडणार हे धरूनच चाला. तिथे ड्रम मशीन आहे, बासचा एक तुकडा न थकता फिरत राहतो आणि वर पियानो. आधीची चार गाणी हातांच्या तालावर गेलेली असतात आणि इथे अचानक यंत्र येतं. आमच्यातले एक निवृत्त मोटरमन म्हणाले, हे गाणं गार आहे, माणूस कुठे गेला? त्यांच्या सुनेने तिथल्या तिथे उत्तर दिलं की रात्री टॅक्सीतून शहर बघताना आपण काही हात हलवत नाही, शहरच सरकत असतं. दोघांनी एकच गोष्ट ऐकली होती: आघात बदलत नाहीत. एकाला त्यात उणीव दिसली, दुसरीला प्रवास. अशा वेळी निवाडा करू नका. ‘काय ऐकलं’ यावर दोघं एक आहेत आणि ‘त्याचं काय वाटलं’ यावर वेगळे, एवढं वहीत दोन रकान्यांत लिहून ठेवा. मतं गोळा करण्याची माझी सगळी पद्धत या दोन रकान्यांवर उभी आहे. डावीकडे आवाज, उजवीकडे भावना. डावा रकाना रिकामा असेल तर ते मत अजून तयार झालेलं नाही. त्या माणसाला तेवढा भाग परत ऐकवा.

दिवसाच्या बाजूला चारच गाणी आहेत, पण चर्चेला तीच जास्त वेळ घेतात. ‘कॅन्सर’ हे त्यातलं सगळ्यात अवघड. शब्द सांगतात की ज्याला हात लावाल त्यातून रोग होतो, आणि संगीत मात्र उत्सवाचं, मध्ये साल्साच्या अंगाने उसळणारा पियानो. ज्या घरात हा आजार येऊन गेला आहे त्या घरातलं कुणी तुमच्या बैठकीत असेल, तर गाण्याचा विषय त्यांना आधी बाजूला घेऊन सांगा. आमच्याकडच्या एक काकू, ज्यांनी नवऱ्याचं दुखणं दोन वर्षं काढलं, त्यांना मी सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, लाव. पियानोचा तुकडा सुरू झाल्यावर त्यांनी बोटांनी मांडीवर ठेका धरला. नंतर चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘डॉक्टरांकडच्या बाकावर रेडिओ चालू असायचा, असाच.’ त्या ओळीइतकी नेमकी समीक्षा मी या गाण्याची कुठे वाचलेली नाही. त्याच गाण्याला त्याच दिवशी दुसऱ्या एकाने ‘थट्टा’ म्हटलं. दोन्ही मतं वहीत आहेत, शेजारी शेजारी.

‘रिअल मेन’बद्दल एवढंच सांगते: शब्दांचं काम ज्याला दिलंय त्याच्याकडून मराठीत सारांश आधी वाचून घ्या. पुरुषाने कसं असावं हे ठरवतं कोण, असा त्याचा विषय आहे, आणि तो कळला नाही तर गाणं नुसतं संथ वाटतं. शेवटचं ‘अ स्लो साँग’ सात मिनिटांचं आहे. तिथे लोक घड्याळ बघतात. बघू द्या. आवाज कमी करू नका.

बाहेरची मतं वाचून आलेली माणसं बैठकीत असतातच. ती मतं पारखायची एक सोपी रीत आहे: बोलणारा जॅक्सनकडे कुठून आला ते बघा. १९७९च्या ‘लुक शार्प’वर जीव लावून बसलेल्या माणसाला तिखट गिटार हवी असते, म्हणून त्याला इथे ‘मऊपणा’ ऐकू येतो. १९८१चा ‘जंपिन जाइव्ह’, म्हणजे चाळीसच्या दशकातल्या नाचाच्या संगीताची पुनर्भेट, ज्याने ऐकला आहे त्याला या वळणाचं नवल वाटत नाही. आणि जो साल्सातून येतो तो तालाची तुलना थेट अस्सल साल्साशी करतो. तिघांचीही मतं खरी आहेत, फक्त तिघं तीन वेगवेगळ्या गोष्टींची उणीव सांगतायत.

त्या तिसऱ्या माणसासाठी, आणि खरं तर सगळ्यांसाठीच, चहानंतर एकच गाणं लावा: विली कोलोन आणि रुबेन ब्लेड्स यांच्या १९७८च्या ‘सिएंब्रा’ अल्बममधलं पहिलं, ‘प्लास्तिको’. ते सुरू होतं चक्क डिस्कोसारखं, आणि मग वळण घेऊन साल्सात शिरतं. न्यूयॉर्कमधलेच लॅटिन कलावंत पॉपची भाषा घेतायत आणि चार वर्षांनी एक पॉपवाला त्यांची भाषा घेतोय. हे एकामागोमाग ऐकलं की ‘उसनं’ या शब्दावरचा वाद बराच शहाणा होतो. कोण कुणाचं घेतो यापेक्षा घेतल्यावर ते नीट वाजवलं का, यावर लोक बोलू लागतात. माझं मत विचाराल तर हातांचा ताल ‘नाइट अँड डे’वर उत्तम वाजवला आहे. पण कोरसचं बोलावणं आणि गायकाचं उत्तर यांतली साल्साची देवाणघेवाण त्यात फार थोडी आहे, कारण जॅक्सनची गाणी मुळात एकट्या माणसाची आहेत.

आपल्या मंडळींना हा आवाज परका वाटेल अशी भीती बाळगू नका. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात बोंगो-कोंगा रुजवणारे कावस लॉर्ड आणि तिथेच सिंथेसायझर वाजवणारा त्यांचा मुलगा केरसी लॉर्ड, एकाच घरात हातांचा ताल आणि यंत्र ही दोन्ही टोकं होती. आपण या दोन आवाजांच्या भेटीवर वाढलो आहोत. सत्तरीचे काकासुद्धा टिंबालेचा कडकडाट ऐकून ‘हे आपल्या गाण्यांत असायचं’ म्हणतात, आणि त्यांचं बरोबर असतं.

वही मांडताना तारीख घाला, कोणत्या आवृत्तीवरून ऐकलं ते लिहा, आणि प्रत्येक मतापुढे गाणं व अंदाजे मिनिट टाका. वर्षभराने तोच अल्बम पुन्हा लावाल तेव्हा कामं बदलून द्या: शब्दवाल्याला बास, बासवाल्याला तालवाद्यं. जुनी चिठ्ठी ऐकून झाल्यावरच हातात द्या. पुढच्या महिन्यासाठी १९८४चा ‘बॉडी अँड सोल’ घ्या. त्यात लॅटिन अंग आहे आणि ब्रास, म्हणजे ट्रम्पेटसारखी पितळी वाद्यंही, भरपूर आहे. तो डिजिटल पद्धतीने, मोठ्या दगडी दालनात ध्वनिमुद्रित झाला, त्यामुळे खोलीचा गुंजारवही ऐकायला मिळतो. त्या दिवशी एकाला फक्त तेवढंच काम द्या: वाद्य थांबल्यावर आवाज किती वेळ राहतो ते ऐकायचं.