सायकल ट्रॅकवरचा अडथळा हटवण्यासाठी अर्ज कसा करावा

पुण्यात बिबवेवाडीहून शाळेत शिकवायला मी रोज सायकलने जाते. वाटेत ट्रॅक आहे, पण एका जागी ट्रॅकच्या ऐन मधोमध खांब उभा आहे. तिथे सायकल खाली रस्त्यावर घ्यावी लागते, मागची बस करकचून ब्रेक लावते आणि तिच्यामागे रिक्षा, दुचाक्या सगळ्या तुंबतात. कोंडी वाढते ती अशी.

‘ट्रॅक खराब आहे’ एवढंच लिहू नका. मी दोनदा लिहिलं, काहीच हललं नाही. मग शिवणाची टेप घेऊन गेले. माझ्या सायकलचं हँडल ६० सेंटीमीटर, खांब आणि रेलिंगमधली फट ५५. टेप लावलेलाच फोटो काढा, जवळच्या विजेच्या खांबाचा नंबर लिहा. फोटो शाळा-ऑफिसच्या वेळेचा असू द्या, रविवारचा नको.

ट्रॅकवर गाड्या लावलेल्या असतील तर वाहतूक पोलिसांकडे जा. खांब, उखडलेले ब्लॉक यांचा अर्ज महापालिकेच्या पथ विभागाला द्या, प्रत क्षेत्रीय कार्यालयाला. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय तिथून हलू नका. अर्जात दोन आधार जरूर द्या: शहराचा सायकल आराखडा २०१७ मध्ये मंजूर झाला आहे, आणि २००६ चं राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण सांगतं की रस्त्याचा विचार वाहनांच्या नव्हे, माणसांच्या सोयीने करा.

महिनाभरात हालचाल नाही? माहिती अधिकारात अर्ज करा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे, म्हणून तक्रार पुन्हा सांगू नका, कागद मागा: ट्रॅकच्या कामाचा आदेश, मोजमाप पुस्तकातल्या (झालेल्या कामाची मापं लिहितात त्या वहीतल्या) नोंदी, दोष दायित्व कालावधी कधी संपतो. ही तारीख सर्वांत मोलाची. ती उलटली नसेल तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने करायची असते. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर वीस रुपयांचा स्टॅम्प लावून पहिलं अपील करा.

सह्या त्याच रस्त्याने जाणाऱ्यांच्या घ्या. माझ्या अर्जावर दूधवाले काका, एक वॉचमन आणि नववीतल्या दोघींच्या आयांनी सह्या केल्या. त्या मुली तिथे रोज उतरून सायकल हातात धरून चालतात.